पाणी कुठवर आलं होतं

"बाई, जरा बाजूला सरता का? तुम्ही पुराच्या आड येताय."

मी वर पाहिलं. त्र्याहत्तर सालचा एप्रिल होता. सीना नदीत पाण्याचं नाव नव्हतं, नुसती तापलेली वाळू पसरलेली. त्या वाळूत खणलेल्या झऱ्यापाशी बसून मी वाटीवाटीनं घागर भरत होते... आणि वीसेक पावलांवर, तीन पायांच्या दुर्बिणीमागे उभा राहून, एक घामाघूम तरुण मला पुराच्या गोष्टी सांगत होता.

"कुठाय पूर?" मी विचारलं.

"येईल की... कधीतरी."

"मग आला की सरते."

तो दुर्बिणीला डोळा लावून क्षणभर तसाच उभा राहिला, मग डोळा काढून माझ्याकडे नुसता पाहत राहिला. मला हसू फुटलं होतं, ते मी पदरात लपवलं. त्यानं मुकाट्यानं दुर्बीण उचलली आणि दहा पावलं पलीकडे नेऊन मांडली. त्या वर्षी आमच्या कुरनळ्ळीत कुणी कुणासाठी काही उचलून बाजूला ठेवावं इतकी ताकद कुणात उरली नव्हती, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

त्याचं नाव श्रीरंग कदम. करमाळ्याकडच्या केमचा. सरकारी सर्व्हेअर. सीनेला पूर आला तर पाणी कोणत्या गावात कुठवर चढतं, हे मोजून नकाशावर रेघ मारायची, हे त्याचं काम. आणि हे काम त्याला मिळालं होतं ऐन दुष्काळात! लोक दिवसभर रस्त्यावर खडी फोडायचे, संध्याकाळी कामावर खायला मिळालेली सुकडी घेऊन घरी यायचे, आणि दारात हा माणूस वही घेऊन उभा... तुमच्या घरात मागच्या पुराला पाणी किती आलं होतं? काही हसायचे. काही तर चिडायचे. घशाला कोरड पडलेल्या माणसाला बुडण्याची आठवण विचारणं म्हणजे थट्टाच वाटायची.

मी रुद्राणी. सोलापुरात मावशीकडे राहून मॅट्रिक झाले होते आणि गावातल्या बालवाडीत शिकवत होते. आमचा गाव कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारा. म्हाताऱ्या बायका तर कानडीशिवाय तोंड उघडत नसत. श्रीरंगला कानडीतलं एक अक्षर येत नव्हतं. म्हणून शाळेच्या गुरुजींनी मला त्याच्याबरोबर दुपारचं फिरायला लावलं. मोजपट्टी धरायला येडू होता, गावातला म्हातारा कोळी, ज्याला नदीची रग तिच्या आवाजावरून कळायची.

असे आम्ही तिघं घरोघर हिंडू लागलो.

चौदा वर्षांपूर्वीचा पूर अजून सगळ्यांच्या अंगात होता. पुरुष सांगायचे, "लई आलतं." बायका सांगायच्या, चुलीच्या वर वीतभर, कणगीच्या तोंडाशी, पाळण्याच्या दोरीला. श्रीरंग ते ऐकून जागेवर पट्टी उभी करायचा, दुर्बिणीतून बघायचा, वहीत आकडा लिहायचा. एकदा तो म्हणाला, तुमच्या गावात पूर फक्त बायकांना दिसला होता वाटतं. मी म्हटलं, घर बायकांचं असतं, पाणी घरात आलं होतं. तो मान खाली घालून लिहीत राहिला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

एका दुपारी त्यानं मला दुर्बिणीतून बघू दिलं. मी डोळा लावला आणि दचकले. येडू उलटा उभा होता... पाय वर, पागोटं खाली, आणि त्याच्या पागोट्याखाली सगळं आभाळ.

"उलटं दिसतंय."

"आत सगळं उलटंच दिसतं. सवय होते." तो थांबला. मग आवाज लहान करून म्हणाला, "पहिल्या दिवशी तुम्ही झऱ्यापाशी हसलात ना... ते मी ह्यातून पाहिलं. हसताय की रडताय, कळेना. म्हणून डोळा काढून पाहिलं."

"मग कळलं?"

"हसत होतात. पण... अजून नक्की सांगता येत नाही."

 वारा गरम होता, तरी हातावर काटा आला. त्याला माझी अव्वा कशी गेली हे अजून कुणी सांगितलं नव्हतं.

माझी आई, ईरम्मा, त्याच पुरात गेली. मी सहा वर्षांची होते. तेव्हा खालच्या आळीला, नदीच्या अंगाला, आमचं एकट्याचंच घर होतं, दगडी भिंतींचं. गावात सगळ्यांना माहीत होतं ते असं: पाणी आमच्या उंबऱ्याला लागून परत फिरलं. पण ईरम्मा वासरू सोडवायला नदीकडे धावली, आणि वाहून गेली. माझे वडील, गुरप्पा (सगळे त्यांना आप्पाच म्हणत), एवढंच सांगत आणि गप्प होत. आप्पांचा शब्द गावात मोठा. त्यांच्या शब्दावर विसंबून पुढं आमच्या आसपास मातीची पाच घरं उभी राहिली. पाणी उंबऱ्याच्या वर येत नाही, आप्पांनी सांगितलंय, मग भीती कसली?

नकाशा तयार झाला की सोलापूरला जाणार होता. ते कळल्यावर मी श्रीरंगला म्हटलं, "कागद सोलापूरला जाणार. पाणी तर इथं येणार."

तो दुसऱ्या दिवशी गेरूची पुडी घेऊन आला. ज्या उंचीला पाणी आलं होतं, त्या उंचीला प्रत्येक भिंतीवर आम्ही तांबडी रेघ मारायला लागलो. मी बोटांनी ओढायची, तो खालून पट्टी धरून "थोडं वर... अजून... हां" म्हणायचा. ज्यांची घरं रेघेच्या खाली त्यांची मी यादी केली. त्या घरात म्हातारं कोण, आजारी कोण, तान्हं कोण, आणि वेळ आली तर कुणाला कुणी उचलायचं. वर माळावर शाळा होती. सगळ्यांनी तिथं जायचं. नदीच्या उतारात येडूनं बाभळीचा खांब रोवला आणि श्रीरंगनं त्यावर तीन खुणा केल्या. दुसऱ्या खुणेला पाणी लागलं की मठाचा नगारा वाजवायचा. सुरुवातीला हसणारे लोक हळूहळू आपणहून हाक मारू लागले. आमच्या भिंतीवर कधी येताय, बाई?

आमच्याच भिंतीवर रेघ मारायची तेवढी राहिली होती.

मे संपत आला होता. शाळेच्या ओसरीवर श्रीरंग वही उघडून बसला होता, आणि मी गेल्यावरही वर बघेना. शेवटी म्हणाला, बसा. मग मठाच्या पायऱ्या, जुन्या कडुनिंबाची ढोली, पाटलांची विहीर अशा एकेक जागेचा आकडा त्यानं मला दाखवला. सगळीकडे पाणी एकाच पातळीला येऊन थांबलं होतं. फक्त आमच्या उंबऱ्याचा आकडा साडेसहा फूट खाली होता.

"नजरेला हे कळत नाही," तो म्हणाला. "जमीन उताराची आहे. पण दुर्बिणीला कळतं. पाणी सगळीकडे सारखंच उभं राहतं, बाई. मठात तिसऱ्या पायरीला होतं, तर तुमच्या दारात ते चौकटीच्या वर असणार."

"म्हणजे आप्पा खोटं बोलतात?"

"मी फक्त पाण्याचं सांगतोय."

"माझी आई गेलीय त्या पाण्यात."

"माहीत आहे मला... परवा येडूबाबांनी सांगितलं." त्यानं वही मिटली. "मी तुमच्या घराचा आकडा गाळून रेघ मारू शकतो. पण त्या पाच घरांतली माणसं माझ्या दुर्बिणीवर नाही, आप्पांवर विश्वास ठेवतात. ती उठणार नाहीत. मी नाही विचारू शकत आप्पांना. तुम्ही..."

मी उठले. त्याला म्हणाले, उद्यापासून कानडी कळणारं दुसरं कुणीतरी बघा. आणि मागे न बघता उतरले.

पण घरी जाईपर्यंत ती एक जुनी, अर्धवट आठवण माझ्याबरोबर चालत होती. आप्पांचा ओला खांदा. मी त्यावर. आणि खालून अव्वाचा हात वर येऊन माझा झगा नीट खोचतोय... मी ते नेहमी स्वप्न समजत आले होते. अव्वा वासराकडे धावली असेल, तर तो हात घरात कुणाचा होता?

संध्याकाळी आप्पा इष्टलिंगाची पूजा करून ओसरीवर बसले, तेव्हा मी विचारलं. त्यांच्या कपाळावरची विभूती अजून ओली होती. ते मग कानडीत, अगदी सपाट आवाजात सांगत गेले.

पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही तिघंही आत होतो. धार इतकी होती की दोघींना एकदम घेऊन जाणं जमणार नव्हतं. त्यांनी मला खांद्यावर घेतलं.

"ईरम्माला म्हणालो, माळवदावर चढ आणि थांब. पोरीला माळावर ठेवून आलोच. ती बरं म्हणाली. तुझा झगा खोचला." ते थांबले. "परत येऊ दिलं न्हाय पाण्यानं. ती चढली का, चढता चढता घसरली... मला ठाऊक न्हाय."

"मग वासरू?"

"लोकांनी विचारलं तेव्हा तोंडातून ते आलं. तिला मागं ठेवून आलो, असं कसं सांगू? दुसऱ्या दिवशी कुणी खाली यायच्या आत मी भिंती सारवून काढल्या."

मी त्यांच्यावर ओरडले नाही. रडूही आलं नाही. एवढंच म्हणाले, आप्पा, आता तिथं पाच घरं आहेत.

पुढच्या सोमवारी शाळेत गाव जमलं. आप्पा उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "पानी माज्या दाराच्या वर आलतं. उंबऱ्याला न्हाय. मी खोटं बोललो. ईरम्मा वासरामागं गेली नव्हती. मी तिला घरात ठिवून आलतो."

कुणी हललं नाही. पाच घरांतली सगळ्यांत वडील मुक्ताबाई. तिचे पाय वाताने गेलेले, दोन लेकांनी तिला बाजेसकट आणलं होतं. ती म्हणाली, "नऊ वर्सं माजी नातवंडं तितं निजत्यात, आप्पा." एवढंच. पण त्या दिवसापासून गावानं आप्पांना 'शरणार्थी' म्हणणं, म्हणजे आमच्यातला नमस्कार करणं, सोडलं. मठात ते गेले की शेजारची माणसं सरकून बसत. ते रोज जात, रोज एकटे बसत.

आमच्या दाराच्या चौकटीवर, हात उंच करून, मी स्वतः गेरूची रेघ ओढली. श्रीरंग लांब उभा होता. मला त्याच्याशी बोलायचं होतं आणि बोलवत नव्हतं. त्याच्यामुळे मला आई परत मिळाली होती, वासरामागं वेड्यासारखी धावणारी नाही, तर मुलीचा झगा खोचून "बरं" म्हणणारी. आणि त्याच्यामुळेच माझे वडील गावात एकटे पडले होते. दोन्ही एकाच माणसानं केलं होतं, मी त्याला काय म्हणणार होते?

जूनमध्ये तो सोलापूरला परतला. निरोप घ्यायला आला, तेव्हा मी बालवाडीतल्या मुलांना गाणं शिकवत होते. मी थांबले नाही. तो दारात थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. पंधरा दिवसांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर एक गुंडाळी आली. जाड मांजरपाटावर, सुट्टीच्या दिवसांत बसून, त्यानं गावाचा नकाशा काढला होता. एकेक घर, एकेक बोळ, माळावर जायची वाट, आणि मधून वाहणारी तांबडी रेघ. प्रत्येक घरावर नाव. आमच्या घरावर त्यानं आप्पांचं नाव लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, ईरम्मा.

तो नकाशा शाळेच्या भिंतीवर टांगला आणि मी पहिल्यांदा पोटभर रडले.

पाऊस त्या वर्षी परतला. गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. पाच घरांतली माणसं अजून तिथंच होती, जाणार कुठं? पण ज्यांना उचलायचं त्यांची नावं ती रोज घोकत होती. मुक्ताबाईच्या नावापुढं चौघं होते. एकाचा पाय मुरगळला, तेव्हा आप्पांनी न सांगता त्याची जागा घेतली. मुक्ताबाई नको म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही.

भाद्रपदात, सकाळी नऊच्या सुमारास येडू धावत आला. आमच्याकडे थेंब पडत नव्हता, आभाळ नुसतं राखेच्या रंगाचं. पण वर नगरकडे चार दिवस कोसळत होतं. पाणी दुसऱ्या खुणेला लागलं होतं आणि नदीचा आवाज बदलला होता. नगारा सुरू झाला. मी यादी घेऊन बोळाच्या तोंडाशी उभी राहिले. एकेक नाव जाताना खूण करत होते. तान्ही गेली, म्हातारी गेली, मुक्ताबाईची बाज आली. पुढच्या डाव्या पायाला आप्पा होते, घोट्यापर्यंत चिखलात. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी विचारलं, सगळी निघाली का? मी म्हटलं, शेवटची तुमचीच.

आम्ही माळावर पोचलो आणि मग पाणी बोळात शिरलं.

त्यानंतरची दुपार मला कधीच विसरता आली नाही. आम्ही सगळे शाळेपाशी उभे होतो आणि खाली मातीच्या भिंती एकेक करून बसत होत्या. मोठा आवाज नाही... नुसता धप्प, आणि मग पाण्यावर धुरळ्यासारखी माती. मुक्ताबाई प्रत्येक आवाजाला घराचं नाव सांगत होती. पाचवं तिचं होतं. आमचं दगडी घर उभं राहिलं. पाणी चौकटीवरच्या रेघेला दोन बोटं कमी येऊन थांबलं. दोन म्हशी गेल्या. माणूस एकही गेलं नाही. पण कुणी हसलं नाही, कुणी हात जोडले नाहीत. संध्याकाळी मुक्ताबाईनं आप्पांना बाजेजवळ बोलावलं आणि आपल्या ताटलीतली अर्धी भाकरी त्यांच्या हातात दिली. दोघंही खात बसले.

तिसऱ्या दिवशी श्रीरंग आला. सडकेपासून सात मैल चिखल तुडवत. शाळेच्या अंगणात येऊन त्यानं आधी माणसं मोजली... नजरेनंच, ओठ हलत होते. मग माझ्यापर्यंत येऊन तो थांबला, आणि पुढचा आकडा त्याच्या तोंडातून निघेना.

"सगळी आहेत," मी म्हटलं. "मी पण आहे."

"हो..." त्यानं चिखलाच्या हातानंच डोळे पुसले. "तीन दिवस ऑफिसात कुणालाच काही कळत नव्हतं. कुरनळ्ळीचं काय झालं, कुरनळ्ळीचं काय झालं, एवढंच विचारत फिरत होतो. लोकांना वाटलं माझं गाव आहे."

"मग काय सांगितलं?"

"हो म्हणालो."

शाळेमागच्या बांधावर आम्ही बसलो. खाली आमचं गाव चिखलात अर्धं रुतलेलं, आणि कुजक्या कडब्याचा वास. तो म्हणाला, त्याची बदली झालीय, नांदेडला, गोदावरीचं काम. दसऱ्याच्या आत हजर व्हायचं. मग बराच वेळ बोटांनी माती कुस्करत राहिला.

"रुद्राणी," तो पहिल्यांदाच नाव घेऊन म्हणाला, "त्या दिवशी वही दाखवली नसती तर तू माझ्याशी बोलत राहिली असतीस. मला ते माहीत होतं. दाखवावी की नाही, दोन दिवस विचार केला. एवढं जड मला दुसरं काही गेलं नाही."

"मला पण... तू न सांगता गेला असतास तर मला तू आवडला नसतास. आणि सांगितलंस म्हणून बोलवत नव्हतं."

"आणि आता?"

"आता आवडतोस," मी म्हणाले. "आधीपासून."

त्यानं माझा हात धरला नाही. बांधावर माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवला, तेवढाच, दोघांचेही चिखलानं माखलेले.

तो मराठा, आम्ही लिंगायत. आप्पांना विचारायला तो गेला तेव्हा मी ओसरीच्या खांबाआड होते. आप्पा पाटीनं घरातला गाळ काढत होते. सगळं ऐकून घेतलं. पाटी खाली ठेवली. म्हणाले, जातीचं लोक बोलतील, माझ्याबद्दल बोलून झालंय, आता तुमच्याबद्दल बोलतील. तुमच्या घरच्यांना चालंल का? श्रीरंग खरं बोलला. आई रडेल, भाऊ काही दिवस बोलणार नाही. आप्पांनी मान हलवली. "मग तिलाच इचारा. मी कुणाला थांब म्हननार न्हाय."

मी हो म्हणाले, पण लगेच गेले नाही. शाळेच्या ओसरीत पाच चुली पेटत होत्या, आणि माळावर, रेघेच्या वर, पाच घरांच्या जागा आखायच्या होत्या. ते सगळे माझ्या यादीतले होते. श्रीरंगनं वाद घातला नाही. एसटीपर्यंत मी पोचवायला गेले, तेव्हा त्यानं विचारलं, वाट बघू ना?

"बघू नकोस," मी म्हटलं. "काम कर. मी येईन."

त्याची पत्रं येत राहिली. मी उत्तरं लिहीत राहिले. पाया किती झाला, मुक्ताबाईचं दार कुठल्या तोंडाला केलं, आप्पांना मठात आता कुणीतरी जागा देतं. नांदेडला नोंदणीनं लग्न करायचं, हेही पत्रांतच ठरलं. माघात पाचव्या घरावर माळवद चढलं. त्याच आठवड्यात आप्पांनी माझी ट्रंक डोक्यावर घेतली आणि माझ्यापुढं सडकेपर्यंत चालले. त्या घरात आता ते एकटेच राहणार होते. ते सोडायला त्यांनी नकार दिला होता. गाडी आली. ट्रंक वर चढवून ते खाली उतरले आणि खिडकीशी उभे राहिले. 

"आप्पा, पावसाळ्यात माळावर जाऊन राहाल ना?"

"जाईन."

"नक्की?"

"जाईन की, तायी," कानडीत लेकीला आई म्हणतात तसं ते म्हणाले.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी वळेपर्यंत मी मागं बघत होते. ते रस्त्याच्या मधोमध उभे होते, एकटेच, हात न हलवता. नांदेड अजून दीड दिवसावर होतं. मी तोंड पुढं केलं.